टिकटिकणारी विभूती

माले गावच्या भैरवनाथाच्या सभामंडपात त्या शनिवारी उभं राहायलाही जागा नव्हती. तेजोनाथ महाराजांनी शेतातल्या मातीच्या ढेकळावर आपलं छोटं यंत्र धरलं. टिक. बऱ्याच वेळानं पुन्हा टिक. मग तेच यंत्र त्यांनी भुऱ्या विभूतीनं भरलेल्या तांब्याच्या घंगाळावर नेलं. टिक-टिक-टिक, थांबेचना. बायकांनी कानाला हात लावले.

"डॉक्टर रक्तातली साखर मोजतो. आमी प्राण मोजतो," महाराज म्हणाले. "मातीत प्राण निजलाय, हितं जागा हाय." रोज सकाळी दुधातून एक चमचा घ्यायचा आणि एकवीस दिवस डॉक्टरचं औषध बंद ठेवायचं, म्हणजे दोन शक्तींचं भांडण होत नाही, असं त्यांचं सांगणं होतं.

शाळेत विज्ञान शिकवणारी स्वरदा खांबाला टेकून हे ऐकत होती. तिच्या सासूबाई, तुळजाबाई, अगदी पुढं बसल्या होत्या. अकरा दिवस झाले, त्यांनी इन्सुलिन घेतलं नव्हतं. पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती. स्वरदानं विनवण्या केल्या, रागावून पाहिलं, पौडच्या डॉक्टरांना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केलात तर पाय जाईल. तुळजाबाईंचं एकच, आता मधे सोडलं तर आपलीच श्रद्धा कमी पडली असं होईल. नवराही म्हणाला, एकवीस दिवसच तर आहेत, होऊन जाऊ दे. त्या रागात तिला जेवण गेलं नाही.

सोमवारी तिनं सासूबाईंच्या डब्यातली चिमूटभर विभूती कागदात बांधली. राखेपेक्षा ती दळलेल्या दगडासारखी लागत होती, म्हणून पौडला वाजिदभाईंच्या खताच्या दुकानात नेली. त्यांनी ती बोटांत चोळली आणि मान हलवली.

"मॅडम, हे रॉक फॉस्फेट हाय. खडक दळून केलेलं खत. महाराजांचा माणूस मागच्या महिन्यात चार गोण्या घेऊन गेला. मला वाटलं, आंब्याला टाकायचं असंल."

 यंत्राचा उलगडा स्वरदाला त्या क्षणी झाला.

मंगळवारीच तिनं वाजिदभाईंना त्याच खताची सीलबंद गोणी घेऊन देवळात बोलावलं. महाराज रोजच तिथं लोकांत बसत, आणि शनिवारच्या मोठ्या सभेपर्यंत थांबायला अंगठ्याला वेळ नव्हता. माजी सरपंच हैबतराव महाराजांचे यजमान होते. त्यांनाच तिनं गोणीची शिवण उसवायला सांगितली. महाराज म्हणाले, दीक्षा नसलेल्या हातात यंत्र बोलत नाही. पण हैबतरावांनाही आतून उत्सुकता होती. त्यांनी यंत्र उचललं आणि गोणीवर धरलं.

टिक-टिक-टिक.

 महाराज लगेच सावरले. आपल्या सान्निध्यानं गोणीसुद्धा जागी झाली, म्हणाले.

"मग हे ढेकूळ तुमच्या मांडीपाशी सकाळपासून आहे," स्वरदा म्हणाली. "ते का जागं झालं नाही?"

उत्तराची वाट न पाहता ती लोकांकडं वळली. स्वरदानं सांगितलं, या यंत्राला गायगर काउंटर म्हणतात, ते किरणोत्सर्ग मोजतं. फॉस्फेटचा हा खडक फार जुन्या काळी समुद्राच्या तळाशी तयार झाला. समुद्राच्या पाण्यात अगदी थोडं युरेनियम असतं, ते त्यात साठत गेलं. यंत्र त्याच्यामुळं वाजतं, मंत्रामुळं नाही.

"म्हंजी आमी शेतात इख टाकत हुतो?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही. शेतात ते पातळ पसरतं, आपल्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीला उपयोगीही पडतं. पण खत पिकाचं आहे. माणसानं खायचं नाही."

"पर वाजतंय म्हंजी कायतरी ताकद असंलच की," शेजारचा बहिरू म्हणाला. चार जणांनी माना डोलावल्या. स्वरदाला वाटलं, डोकं त्या खांबावर आपटावं. महाराज गोंधळात गाडीकडं निघाले, तर दोघं पाया पडायला मागं धावले.

तुळजाबाई मात्र बसल्या जागेवरून हलल्या नव्हत्या. त्यांनी दोन्ही हात पुढं केले, स्वरदानं त्यांना उठवलं आणि त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. अंगठा काढावा लागला. पाय वाचला.

"ते वाजत हुतं, ते खोटं हुतं का गं?" त्यांनी खाटेवर विचारलं.

"वाजत होतं ते खरं होतं, आई. तो सांगत होता ते खोटं होतं."



पुढच्या पालकसभेत स्वरदा एवढंच म्हणाली, डोळ्यांनी पाहिलं म्हणून थांबू नका. त्या माणसाला बाजूला करून तेच पुन्हा करून बघा. आणि कुणीही चालू औषध बंद करा म्हणाला, तर तिथून उठा. लोकांनी ऐकून घेतलं. आठवड्यानंही गावातल्या तीन-चार घरांत विभूतीचे डबे होतेच. बहिरूची बायको तर दोन चमचे घेऊ लागली होती.

हे कळलं तेव्हा तुळजाबाई काठी टेकत तिच्या ओट्यावर जाऊन बसल्या. पायाची पट्टी सोडली आणि पाय तिच्यासमोर धरला.

"नीट बघ," त्या म्हणाल्या. "मंग घाल तोंडात."