बकरीसाठी पेज

धानकापणीच्या दिवसांत माणसाचं अंग आपलं राहत नाही. देवकाबाईची कंबर त्या संध्याकाळी बांधावरच राहून गेली होती, आणि बोटं अजून विळ्यावर असावीत तशी वळलेली होती. तरी तिनं चूल पेटवली. आज जवळच्या कारधा गावी कीर्तन होतं.

येशूच्या कीर्तनाचं देवकाला वेड. लाखांदूरकडचे म्हातारे बुवा कापणीच्या सुमारास येत आणि प्रभूनं रानात हजारोंना जेवू घातल्याचं आख्यान लावत. शिष्य म्हणतात, लोकांना घरी पाठवा, इथं खायला काय आहे? तिथं बुवा गाणं थांबवून नुसती झांज वाजवत राहत. त्या झांजेपाशी देवकाला दरवर्षी रडू येई. यंदा बुवांचा गळा बसला होता. हे आपलं शेवटचं कीर्तन, असा निरोप त्यांनी आधीच धाडला होता.

नवरा हिरालाल बुवांना पेटीची साथ करी. तो बाहेर मोटारसायकलला पेटी बांधत होता. जेवण परत आल्यावर, असं त्याचं म्हणणं. पोट भरलं की पेटीवरच झोप येते. देवकानं दोघांपुरते तांदूळ आधणात वैरले, आणि मग तिच्या ध्यानात आलं की देवाची मूठ राहून गेली. रांधण्याआधी एक मूठ तांदूळ वेगळ्या गाडग्यात टाकायचा, रविवारी तो चर्चमध्ये उपाशी माणसांसाठी न्यायचा, ही तिच्या सासूनं लावलेली सवय. थकव्यानं आज तीही खाल्ली. उद्या दोन मुठी टाकीन, असं म्हणून तिनं भाताची पेज काढून ठेवली.

तेवढ्यात शेजारची म्हातारी सत्यभामाबाई दारात आली. हातात डेचकी. पेज असली तर बकरीसाठी हवी होती. काल आली होती, परवाही आली होती, आणि देवकानं दमल्या हातांनी, तिच्या तोंडाकडे न पाहताच डेचकी भरून दिली होती.

"जराक मीठ टाकजो त्यात," म्हातारी हळूच म्हणाली.

देवकाचा हात थांबला. मीठ? आणि बकरी तर म्हातारीनं दिवाळीआधीच विकली होती. अंगणातला रिकामा खुंटा साऱ्या गल्लीला दिसे. मुलगा नागपूरला गेला तो फिरकला नाही. विळा धरून धरून अंगठ्याच्या रेषा पुसल्या, त्यामुळे राशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही, हे तिनंच मागे हसत हसत सांगितलं होतं. देवकाही तेव्हा हसली होती.

आता भात वाढून दिला, तर ही डेचकी ठेवून निघून जाईल आणि पुन्हा पेज मागायलाही यायची नाही. देवकाची सासू हिच्याच शेतात राबली होती. या घरचं म्हातारीनं स्वतःसाठी म्हणून आजवर फार तर पाणी घेतलं होतं. हिला जेवू घालायचं तर सोबत बसायला हवं होतं. आणि दात नसलेल्या माणसासोबत जेवायचं म्हणजे घाई करून चालत नाही.

बाहेर हॉर्न वाजला. "अवं, चालतं का नाही? बुवा उभे राहिले तं मी काय इथून पेटी वाजवू?"

देवका अंगणात गेली. "तुम्ही जा जी. माझ्यानं होत नाही."

"वर्षभर कीर्तन कीर्तन करून राहिली होती, अन् आता?"

"कंबर गेली," ती म्हणाली. ते काही खोटं नव्हतं.

गाडीचा आवाज वळणापर्यंत ऐकून ती आत आली. हे तर गेले, एकटीच्या घशाखाली घास उतरत नाही, जरा बस, असं तिनं म्हातारीला सांगितलं. म्हातारी म्हणाली, मी जेवून आले. मग नुसतीच बस, म्हणत देवकानं दोन ताटांत भात वाढला, वर लाखोळीच्या डाळीचं वरण घातलं.

म्हातारी बसली, पण हात मांडीवरच. मग म्हणाली, "तुमच्यात आधी काही म्हणतात नं. म्हण."

देवकानं डोळे मिटले. रोजची प्रार्थना नळाच्या पाण्यासारखी आपोआप यायची. आज एक शब्द जागेवर सापडेना.

"बापा, हे तूच दिलं," ती शेवटी म्हणाली. "आम्हा दोघींले दिलं."

डोळे उघडले तेव्हा म्हातारीचा हात भातात होता. ती खाली मान घालून, थांबून थांबून, खूप जेवली. देवकानं दुसऱ्यांदा वाढलं, आणि मग हिरालालचं थोडं बाजूला काढून उरलेलंही. तिकडे बुवा एव्हाना झांजेपर्यंत आले असतील. इथं फक्त म्हातारीच्या हिरड्यांचा आवाज होता. देवका भिंतीला पाठ टेकून तोच ऐकत राहिली. गाडग्याकडे तिची नजर गेली, पण ती उठली नाही.

हात धुऊन म्हातारीनं डेचकी उचलली. "बकरीचं राह्यलं," ती दुसरीकडे पाहत म्हणाली.

देवकानं पेज भरली, मीठ घातलं, आपल्या ताटातला भात तळाशी सोडला.

"मावशी, उद्या बकरीले इथंच घेऊन येजो. या वक्ताले."

म्हातारी उंबऱ्यात उभी राहिली. पेजेची वाफ तिच्या तोंडावर येत होती.

"लय खाते पण माही बकरी."

"खाऊ दे," देवका म्हणाली, आणि बसल्या जागीच आडवी झाली.