एका अंशाने चुकलेला गुण्या

मी फळ्यावर वापरायचा लाकडी गुण्या बोलतोय. बोलावं की नाही, या विचारातच बराच काळ गेला. ज्याचं सगळं आयुष्य काटकोनाच्या नावावर चाललं, त्याने आपण वाकडे आहोत हे कबूल करायला धीर लागतो. तो माझ्यात फारसा नाही. आजही मी सांगतोय ते बरोबर सांगतोय की नाही, याची मला खात्री नाही.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. तीन पट्ट्या, तीन सांधे, वर पॉलिशचा हात. सुताराने मला आपल्या लोखंडी गुण्याला टेकवलं, एक डोळा मिटून फट शोधली आणि म्हणाला, "उजेडसुद्धा आरपार जात नाही. न्या बिनधास्त." ते ऐकून मी फुशारलो. तेव्हा फुशारलो नसतो, तर पुढे इतका घाबरलो नसतो, असं वाटतं.

तिथून मी अध्यापक महाविद्यालयात आलो. माध्यमिक शाळेत गणित शिकवू पाहणारी मुलंमुली इथे भूमिती शिकतात आणि ती शिकवायचीही कशी ते शिकतात. माझ्या एका अंगावर पांढऱ्या रंगात नोंदणी क्रमांक घातला गेला. तो वाचता यावा म्हणून असेल किंवा नुसती सवय असेल, पण पुढे सगळे मला क्रमांकाची बाजू आपल्याकडे ठेवूनच धरू लागले.

भूमिती शिकवणारे सर उंच, अंगाने किरकोळ आणि भित्रे होते. भित्रे म्हणजे विद्यार्थ्यांना भिणारे नव्हेत. स्वतःच्या चुकीला भिणारे. तीस वर्षं शिकवलेलं प्रमेय वर्गात शिरण्याआधी ते व्हरांड्यात पुन्हा एकदा पुटपुटून बघत. मला धरताना त्यांच्या अंगठ्याची धडधड माझ्या कडेला जाणवायची. मला ते फार आवडत. दोघांचा स्वभाव एकच.

मग ती खिडकी. सुट्टीचे दिवस होते, वारा सुटला होता आणि वर्गाची एक खिडकी सारखी आपटत होती. शिपाईमामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला चौकटीत अडकवलं. पुढच्याच झोताला माझा काटकोनाचा सांधा कडकन उघडला. मामांनी सरस लावला, वरून एक बारीक खिळा ठोकला आणि मला लांब धरून म्हणाले, "दिसत नाही ना? मग झालं तर."

दिसत नव्हतंच. पण मला आतून कळलं. मी आता पूर्वीचा नव्हतो.

सत्र सुरू झालं. सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकातून समोरच्या बाजूवर काटकोनात रेघ टाकली की तिला शिरोलंब म्हणतात आणि तिन्ही शिरोलंब एकाच बिंदूत भेटतात. भेटलेच पाहिजेत. त्या दिवशी पहिले दोन भेटले आणि तिसरा बाजूने निघून गेला. मधोमध अंगठ्याच्या नखाएवढा एक त्रिकोण उरला. सरांनी तो बाहीने पुसला. पुन्हा काढलं. पुन्हा तोच.

दुसऱ्या कुणी आधी मला तपासलं असतं. सरांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

त्यानंतर वर्ग सुटला की ते दार लावून एकटेच शिरोलंब काढत बसत. काढायचे, पुसायचे, चष्मा पुसायचे. मी त्यांच्या हातात असायचो आणि मनात म्हणायचो, आता कळेल, आता हे मला फेकून देतील. मला बोलता येत नव्हतं. पण खरं सांगतो, येत असतं तरी मी बोललो नसतो.

एकदा मामा दार बंद करायला आले, तेव्हा सर म्हणाले, "मामा, हात कापतो हो हल्ली."

मामांची नजर माझ्याकडे गेली आणि लगेच खडूच्या डब्याकडे वळली. "चहा कमी करा, सर."

"डॉक्टर म्हणतात, नसांचं काही नाही. पण डॉक्टरांनी माझा फळा कुठे बघितलाय?"

"साखरेनंसुद्धा होतं तसं," मामा म्हणाले आणि घाईघाईने खिडक्या लावू लागले.

अशी तीन वर्षं गेली. सरांनी चहा सोडला, साखर सोडली, दोनदा चष्मा बदलला. आणि वर्गाला एक युक्ती शिकवली. "पहिले दोन शिरोलंब गुण्याने काढा. तिसरा त्यांच्या छेदनबिंदूतून पट्टीने सरळ जोडून टाका आणि काटकोनाची खूण करा. फळ्यावर घोटाळा नको. शिक्षकाची आकृती चुकली की वर्ग हातातून गेला." मुलं मान डोलवून लिहून घेत. मी लटकल्या जागी शरमेने मरत असे.

मग सरांनी मामांना सांगून टाकलं, "या सत्रानंतर सोडतोय नोकरी. दोन वर्षं राहिलीत, पण असल्या हाताने शिकवणं म्हणजे पोरांची फसवणूक." त्या दिवशी मामांनी वर्ग दोनदा झाडला.

आणि एके दिवशी सराव पाठ होता. पाठ घेणारी मुलगी वर्गात सगळ्यांत मोठी, लग्न झालेली, सारखे प्रश्न विचारणारी. सगळे तिला शंकाताई म्हणत. समोर तिचेच वर्गमित्र शाळेतली मुलं बनून बसले होते. सर शेवटच्या बाकावर निरीक्षणपत्रिका घेऊन.

तिने मला क्रमांक बघून धरलं. दोन शिरोलंब काढले. आणि तिसराही माझ्याच कडेने काढला. नखाएवढा त्रिकोण उघडा पडला.

"बाई, हे भेटलेच नाहीत!" एकजण बारीक आवाज काढून ओरडला.

"बाईंचं आणि आमचं कुठे जमतं, तसंच यांचं," दुसरा म्हणाला. हशा पिकला.

सर मागून हळूच म्हणाले, "जोडून टाका, बाई. तिसरा जोडून टाका."

"एक मिनिट, सर." तिने फळाभर दुसरा त्रिकोण काढला, पहिल्याच्या दुप्पट. मधला छोटा त्रिकोणही दुप्पट आला. तिने तिसरा काढला, अगदी वेगळ्या आकाराचा. छोट्यानेही आकार बदलला. ती फळ्याला नाक लावून उभी राहिली. "सर, हात हलला असता तर हा कसाही आला असता. हा दरवेळी मोठ्या त्रिकोणाशी समरूप येतोय. चुकीला इतकी शिस्त नसते."

मला घाम फुटणं शक्य असतं, तर तेव्हा फुटला असता.

तिने एक आडवी रेघ काढली, मला तिच्यावर उभं केलं, कडेने रेघ ओढली. मग माझा क्रमांक फळ्याकडे करून मला उलटं केलं आणि त्याच बिंदूतून पुन्हा रेघ ओढली. एकच रेघ दिसायला हवी होती. दोन दिसल्या. वर जाईपर्यंत त्यांच्यात बोटभर अंतर पडलं.

सर उठून पुढे आले. हातातल्या निरीक्षणपत्रिकेची त्यांनी घडी घातली, मग घडीची कड कडेवर आणून पुन्हा घडी घातली. अशा घडीने झालेला कोपरा काटकोनच असतो, कागद कसाही फाटका असो. तो कोपरा त्यांनी माझ्या कोपऱ्यात बसवला. फटीतून उजेड आला. मग त्यांची नजर खिळ्यावर गेली.

"हा कुणी मारला?"

दारातून मामांचा आवाज आला. "मीच, सर. खिडकी आपटत होती हो. तीन वर्षं झाली."

"मामा! आणि तुम्ही मला चहा सोडायला लावलात?"

वर्ग फुटला हसून. मामा रडवेले झाले. सरांनी स्वतःचा हात उजेडात धरला, बोटं पसरली. तो स्थिर होता. ते क्षणभर इतके तरुण दिसले की मला माझा विसर पडला.

आणि मग त्यांचा चेहरा उतरला. ते मोजत होते. "तीन वर्षं. दरवर्षी चाळीस. एकशेवीस शिक्षकांना मी सांगितलं, तिसरी रेघ जोडून टाका." त्यांनी खुर्ची ओढली. "मी भ्यालो म्हणून त्यांना खोटं काढायला शिकवलं. हिने नुसतं उलटून बघितलं. मला ते सुचलंही नाही."

शंकाताई म्हणाली, "फोन करा ना, सर. एकेकाला."

सरांनी नोकरी सोडली नाही. सोडता येत नाही म्हणाले, यादी संपेपर्यंत. ते रोज दुपारी तीन वाजता याच वर्गात बसतात आणि नंबर फिरवतात. काहीजण उचलत नाहीत. एकजण म्हणाला, "मीही तसंच शिकवतो, सर, काही बिघडत नाही. आकृती छान दिसते." सरांनी फोन ठेवला आणि यादीतल्या त्या नावापुढे खूण केली. तेव्हा त्यांचा हात खरोखर कापत होता.

मला त्यांनी फेकलं नाही, दुरुस्तही केलं नाही. नव्या वर्गाच्या हातात देतात आणि म्हणतात, "याच्यात काय चूक आहे ते शोधा." मला दरवेळी धडकी भरते. एखादा वर्ग शोधेल, एखादा शोधणारच नाही. कुठली भीती मोठी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझी विनंती इतकीच. तुम्ही त्या एकशेवीसांपैकी कुणी असाल आणि दुपारी तीनच्या सुमाराला अनोळखी नंबर वाजला, तर फोन कापू नका. एक म्हातारा माणूस असेल. तो फार वेळ घेणार नाही. यादीत अजून एकाहत्तर नावं आहेत.