काठावरचा निळा जोड

पौषाचं ऊन नंदुरबारच्या माळावर उतरलं, की आधी लाल होतं आणि मग शिंकतं.

क्षितिजापर्यंत वाळत पडलेली मिरची. रक्तवर्णा, अग्निगर्भा, सूर्यपीता मिरची. जणू संध्येने आपला शालू वाळत घातला आणि न्यायला विसरली. त्या लाल विस्ताराच्या काठावर चपलांची ओळ. मिरचीवर चपलेने चढायचं नाही, असा इथला रिवाज. मिरची म्हणजे लक्ष्मी. लक्ष्मी तळपाय भाजते, पण चपला खपवून घेत नाही.

अकरा बायका, अकरा जोड. शेवटचा जोड निळा, अंगठ्याशी सेफ्टी पिन टोचलेला. तो कुंदाचा.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता मालिकेतल्या मधुमालतीने जीव दिला.

शेवंताच्या घरच्या टीव्हीत दिला, अकराजणींच्या डोळ्यांदेखत. देताना दाखवलं नाही. नदी दाखवली, विषण्णसलिला, मंदवाहिनी, शूटिंगपुरती उसनी आणलेली नदी. घाटावर तिच्या चपला दाखवल्या, शेजारी शेजारी, नीट जुळवलेल्या. आणि लगेच साबणाची जाहिरात, जिच्यात एक बाई अतिशय आनंदाने न्हात होती.

जाण्याआधी मधुमालती एवढंच म्हणाली होती, की तीन वर्षं झाली या घरात, मी जेवले का हे कुणी विचारलं नाही.

शेवंताने सगळ्यांना धीर दिला. प्रेत दाखवलं नाही म्हणजे बाई जिवंत आहे. मागच्या वर्षी हिचाच सासरा विमानासकट गेला होता, तो दिवाळीला दाढी वाढवून परत आला. सगळ्या हसल्या. कुंदा हसली नाही. पडद्यावर साबणाचा फेस उसळत होता, आणि तिची नजर अजून घाटावरच होती.

कुंदाचा नवरा सुरतेला गेला आणि तिथेच दुसरा संसार मांडून बसला, त्याला दोन वर्षं झाली. तिच्यापुढे तो विषय काढायचा नाही, असं सगळ्यांनी मायेने ठरवलं होतं. मग त्या विषयाच्या आजूबाजूचे विषयही काढेनाशा झाल्या. मायेने लावलेली ती शांतता वेलीसारखी वाढली, तिच्या दारावर चढली, खिडकीत शिरली, चुलीपाशी जाऊन बसली.

मंगळवारी कुंदाने डबा उघडला नाही. बुधवारीही नाही.

तेव्हापासून बायका आधी चपला मोजत, मग माणसं, मग पुन्हा चपला. निळा जोड काठावर, आणि कुंदा नजरेत नाही, असं झालं की ऊन थिजे, वारा थिजे, अकरावी शिंक कानांना हवीहवीशी होई. विहीर कुठल्या अंगाला आहे, हे अचानक प्रत्येकीच्या पाठीला कळू लागलं. मग मिरचीच्या ढिगामागून शिंक येई. कुंदा तिथे वाकून देठ खुडत असे. दहा जीव भांड्यात पडत. सर्वांत वडील द्रौपदाआत्या पाणी प्यायच्या निमित्ताने दिवसातून चौदा वेळा विहिरीशी जाऊन बसत, आणि एकदाही पाणी पीत नसत.

दहाव्या दिवशी आत्यांनी जाहीर केलं, की मधुमालतीचा दहावा घालायचा.

शेवंताने विचारलं, "गोत्र काय लावायचं?"

"चॅनेलचं लाव," आत्या म्हणाल्या.

माध्यान्हीच्या कंपित, ताम्रधवल उन्हात केळीचं पान मांडलं. पानावर भात, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. कारण मधुमालतीला भरीत आवडतं, हे एका भागात स्पष्ट झालं होतं. बाभळीवर कावळा आला. नीलकृष्ण, वक्रग्रीव, साशंक कावळा. त्याने पान पाहिलं, बायका पाहिल्या, आणि शिवला नाही.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेलीची इच्छा अडली आहे. ती ओळखून शब्द द्यायचा असतो. शेवंताने हात जोडून सांगितलं, की तुझा पोपट आम्ही सांभाळू. कावळा शिवला नाही. कुणी म्हणाली, तुझी कोर्टातली केस लढवू. कुणी म्हणाली, तुझ्या सासूचं म्हातारपण काढू, आणि लगेच शब्द मागे घेतला. कावळा शिवला नाही.

कुंदा दूर बसली होती, गुडघ्यांत हनुवटी रोवून, पानाकडे पाहत.

आत्या उठल्या. हात जोडले. तोंड बाभळीकडे होतं. डोळे मात्र बाभळीकडे नव्हते.

"चुकलं बाई आमचं. वाटलं, विचारलं तर दुखेल. आता रोज विचारू." आत्यांनी वाकून पान सारखं केलं. "जेवलीस का?"

माळ थांबला. ऊन थांबलं. शिंकासुद्धा नाकात थांबल्या.

"नाही," कुंदा म्हणाली.

मग ती उठली. लाल विस्तारातून अनवाणी चालत आली, पानापुढे मांडी घालून बसली आणि जेवू लागली. मेलेलीचं पान जिवंत बाईने खाऊ नये, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीतरी पाण्याचा तांब्या सरकवला.

"तिखट झालंय का गं?" शेवंताने विचारलं.

"मीठ कमी आहे," कुंदा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून धार लागली होती. मिरचीच्या माळावर त्याचं कारण कुणी विचारत नाही. कावळा अपमान गिळून उडून गेला.

सांज उतरली, केशरमलिन, मंदपावली सांज. काठावरून एकेक जोड उठत गेला. शेवटी निळा उरला, आणि त्याच्याभोवती दहाजणी, घाई नसल्याचं नाटक करत.

लाल पावलं आली. उजवं शिरलं, डावं शिरलं, पिन एकदा चमकली. काठ रिकामा झाला. मागे धुळीत उमटलेले निळ्या जोडाचे ठसे, एक, आणि पुढे एक, आणि पुढे एक.