दाभोशाच्या हंडीतला आडोबो

मित्रांनो, मी एक जुनी मातीची हंडी आहे. जव्हारजवळच्या दाभोसा गावात कमूच्या घरी राहते. म्हाताऱ्या हंडीने गोड गोड बोलावं असं तुम्हाला वाटत असेल, पण मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

जव्हारच्या कुंभाराने मला थापटून आकार दिला, भाजून काढलं. कमू तेव्हा नवी नवरी होती. तिने बाजारात मला बोटाने वाजवून पाहिलं आणि डोक्यावर घेऊन घरी आणलं. माझ्यात तिने उडीद शिजवले, खेकडे शिजवले, रानभाज्या शिजवल्या. "हंडीतल्या कालवणाची चव टोपाला नाय," असं ती शेजारणींना सांगायची, तेव्हा मी चुलीवर ऐटीत बसायचे.

मग उपासमारीचं ते वाईट वर्ष आलं. वावर गावात, कमूच्या माहेरी, लेकरं सुकून गेली. इकडे कमू माझ्यात कडू कंद उकळायची. पाणी ओतून द्यायची, पुन्हा नवं घालायची, कडूपणा जाईपर्यंत. थोरला तुळशीदास पाच वर्षांचा होता, तो जगला. त्याच्या पाठची बहीण पोशी दीड वर्षाची होती. ती गेली. हंडीत आज काय आहे, हे विचारायला त्या वर्षी आमच्या दारात कुणी आलं नाही.

पुढे दिवस पालटले. धाकटा देवानंद जन्मला. तुळशीदास शिकून जव्हारला एका कचेरीत कारकून झाला. त्याने आईला ॲल्युमिनियमचे चकचकीत टोप आणले आणि मला माळ्यावर टाकलं. माझ्या पोटात खिळे, सुतळ्या आणि बिघडलेली बॅटरी भरली. वर्षानुवर्षं मी तशीच पडून होते.

देवानंद मालवाहू जहाजावर स्वयंपाकघरात कामाला लागला. पहिल्या सफरीत त्याला बोट लागली. उलट्यांनी तो अर्धा झाला. तेव्हा रामोन नावाच्या फिलिपिनो आचाऱ्याने त्याला डुकराच्या मटणाचा आंबट रस्सा आणि भात घासाघासाने भरवला. त्या रश्श्याला ते लोक आडोबो म्हणतात. देवानंद तो करायला शिकला. यंदा सुट्टीवर आला तेव्हा कमू म्हणाली, "ज्यानं तुला तिथं जगवलं, ते मला एकदा चाखू दे."

त्याने वसईहून डुकराचं मटण बर्फात घालून आणलं. कमूने टोप पुढे केला.

"आये, यात व्हिनेगर पडतं. आंबटानं टोप खराब व्हतो. मातीचं भांडं हाय का?"

कमू शिडी लावून स्वतः माळ्यावर चढली. खिळे ओतून तिने मला राखेने घासलं आणि दिवसभर पाण्यात बुडवून ठेवलं. रविवारी सकाळी देवानंदने माझ्यात मटण घातलं. त्यावर व्हिनेगर, सोया सॉस, ठेचलेला लसूण, काळी मिरी, तमालपत्र. दुपारपर्यंत मुरायला ठेवून मला ओट्यावर झाकलं. किती वर्षांनी माझ्या पोटात अन्न होतं!

तेवढ्यात मोटरसायकलवरून तुळशीदास आला. त्याने झाकण उचललं. "कसलं मटण आहे हे?"

"डुकराचं," देवानंद म्हणाला.

"ऑफिसात कळलं तर माझ्याबरोबर डबा कोण उघडेल? आईच्या घरात हे चालणार नाही."

देवानंद उठायच्या आत त्याने मला उचलून अंगणात उलथं केलं. अर्धं मटण मातीत गेलं. माझा काठ पायरीवर आपटला आणि एक कपची उडाली. देवानंदने मला हिसकावून घेतलं. मला खाली ठेवून तो भावाकडे वळला. पण कमू दोघांच्या मधे उभी राहिली.

"तुळशीदास, याच हंडीत कंद उकळून मी तुला भरवला. तवा तू नाव नाय इचारलंस. तुझी बहीण तेवढ्या घासाला बी राहिली नाय."

"ते दिवस गेले आता, आई."

"गेले म्हणून अन्न मातीत वतायचं? माझ्या दारात?"

तो मोटरसायकलकडे वळला. गाडी फिरवून निघून गेला.

देवानंद पायरीवर बसला. "ऱ्हाऊ दे आये. मन उडालं माझं."

"चूल मी पेटवते. उरलंय तेवढं शिजव."

मग मी मंद जाळावर तासभर रटरटत राहिले. काठाची जखम चरचरत होती, तरी एक थेंब सांडला नाही. कमूने भातावर रस्सा घेतला, चाखला. "आंबाडीच्या भाजीगत लागतंय," म्हणाली आणि पुन्हा भात वाढून घेतला.

सोमवारी देवानंद जीपने जव्हारवरून जहाजाकडे परत निघाला. कमूने त्याच्याकडे उरलेल्या आडोबोचा एक डबा दिला. "तुळशीदासला दे. खायचं नसंल तर नको खाऊ म्हणावं, पण वतू नको."

चार दिवसांनी जीपवाल्याच्या हाती डबा परत आला. घासलेला, रिकामा. त्याने खाल्लं की फेकलं, मला ठाऊक नाही. कमूने विचारलं नाही.

आता मी रोज चुलीवर असते. मित्रांनो, जुनी भांडी जपा, पण माझं मागणं तेवढंच नाही. एखादं अन्न तुम्हाला चालत नसेल, तर हात जोडा आणि पानावरून उठा. दुसऱ्याच्या घरची हंडी मात्र कधी उलथी करू नका.