मयताचा कापूस

"अब्बा, त्यायची गादी कुठी हाय?"

निशात सासऱ्यासमोर कधी तोंड उघडत नसे. नवाब दुकानातून आत आला की ओढणी सावरून आड व्हायची. आज मात्र ती दाराच्या चौकटीत उभी राहिली आणि तिने सरळ विचारलं. नवाबच्या हातातली कापूस पिंजायची धुनकी थांबली.

"इद्दतीचे चार महिने मी घराबाहेर कुठीच जाऊ शकत नाई," ती म्हणाली. "लेकरूबी नाई आमाले. त्यायचा वास तेवढा त्या गादीत असन."

निशातचा नवरा रईस नवाबचा एकुलता एक. सावली गावच्या पिंजाऱ्याचं पोर बी.एस्सी. झालं, धानोऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलं, म्हणून नवाबची मान गावात वीतभर वर झाली होती. डासांना त्याचं काय? मलेरिया मेंदूत गेला आणि बघता बघता पोरगा हातचा गेला. मातीनंतर पोचू नावाचा शाळेचा शिपाई त्याचं सामान बसने घेऊन आला. घरात आकांत चाललेला. बिचाऱ्याने पेटी आत दिली, गादीची वळकटी दुकानात टेकवली आणि कोणाशी न बोलता निघून गेला.

घरात जीव घुसमटतो म्हणून नवाबने लगेच दुकान उघडलं. गावातल्या देवाजीच्या लेकीचं, दिव्यानीचं लग्न तोंडावर आलं होतं. दोन गाद्या आणि एक रजई करायची होती, जुना-नवा कापूस देवाजीने टाकून ठेवला होता. नवाबने हाताला लागेल ती वळकटी ओढली, खोळ उसवली, कापूस पिंजला. हात सवयीने चालत होते, माणूस जागेवर नव्हता. माल देवाजीच्या घरी पोचला तरी त्याला पत्ता नाही.

आता त्याने चिंध्यांच्या ढिगात हात घातला. निळ्या पट्ट्यांची खोळ निघाली. रईसला नोकरी लागली तेव्हा नवाबनेच शिवलेली.

मयताचा कापूस जित्याच्या अंथरुणात घालायचा नाही, हा पिंजाऱ्याचा पहिला धर्म. सुतकाच्या घरची गादी लोक जाळतात, नाहीतर टाकून देतात. जवळच्या मूल गावी पिंजायचं यंत्र आलं तरी पंचक्रोशी नवाबकडे यायची ती एवढ्याच भरवशावर. आणि त्याच नवाबने नवरीच्या गादीत मेलेल्याचा कापूस भरला होता. कोणाच्या, तर स्वतःच्या पोराच्या!

त्याने चपला घातल्या आणि देवाजीच्या घराची वाट धरली. टाके सैल पडले आहेत, माल परत द्या, असं सांगायचं त्याने ठरवलं. चालता चालता मागच्या दिवाळीचा रईस आठवला. दुकानात उडणाऱ्या कापसाकडे बघत तो बापालाच शिकवायला बसला होता.

"अब्बा, वरतीबी हेच चालू हाय. म्हातारा तारा फुगते आन अंगावरचा वायू, धूळ उडवून देते. काही तं फुटूनच जाते. ते सारं आकाशगंगेत पसरते, दुसऱ्या ढगात मिसळते, आन त्यातूनच नवे तारे होते. आपल्या रक्तातलं लोखंडबी तिथलंच."

नवाबने चेष्टेने विचारलं होतं, "मंग त्यातला मेलेल्याचा माल कोणता, हे कसं निवडते?"

"निवडता येत नाई, अब्बा. मिसळलं का मिसळलं."

तेव्हा दोघंही हसले होते. आज नवाबने पाय भराभर उचलले.

देवाजीच्या ओसरीवर दिव्यानीने पाणी आणून दिलं. अंगाला हळद लागायची होती पोरीच्या. "काका, निशातभाभी जेवते का जी?" तिने हळूच विचारलं. झालं! तोंडाशी आणलेलं खोटं नवाबला बोलवेना. त्याने सगळं सांगून टाकलं.

सुगंधाबाईने लेकीला आत ओढलं. मग एकेक गादी स्वतःच्या हाताने अंगणात आणून टाकली. तोंडाने चालूच होतं: घरात शुभकार्य, आणि या माणसाला लाज कशी वाटली नाही.

"सांगतलं नसतं तं आमाले कळलंबी नसतं, नवाबभाऊ," देवाजी म्हणाला.

"घरी पोरगी गादी मागून राह्यली, देवाजीभाऊ. तिले काय देऊ?"

देवाजीने गडी हाकारला आणि माल बैलबंडीत चढवून दिला. कापूस परत नको, दुसरा पण नको, म्हणाला. आम्ही मूलहून आणू.

घरी निशातने लाल छिटाच्या दोन्ही गाद्या आणि रजई बघितली. "यातली कोणती?"

"सगळ्यायत हाय, बेटी. थोडाथोडा."

तिने एका गादीला नाक लावलं. मग दुसरीला. मग रजईला. नव्या कापसाचा कोरा वास येत होता, बाकी काही नाही. ती रडली नाही. दोन्ही गाद्या जोडून अंथरल्या, आडवी झाली आणि भर दुपारच्या उकाड्यात रजई डोक्यावरून ओढून घेतली. जीव गुदमरेल पोरीचा, म्हणत रहमतबी धावली. नवाबने बायकोला हाताला धरून बाहेर आणलं आणि दार लोटून घेतलं.

दुकानापुढे गावातला मुखरू उभा होता. त्याचा कापूस पिंजायला पडला होता. देवाजीच्या अंगणातलं त्याच्या कानावर गेलं होतं; तो आपल्या गाठोड्याकडे बघत होता.

नवाबने गाठोडं न पिंजताच घट्ट बांधलं आणि त्याच्या खांद्यावर ठेवायला हात दिला.