क्लोज

मिल बंद पडल्यापासून आप्पांना घरात कुणी काही विचारत नसे. वीस वर्षं मिलमध्ये वायरमन होते. सुदामा नगरातल्या घरात आता फ्यूज उडाला तरच त्यांची आठवण.

आज त्यांची मुलगी देवयानी कॉम्प्युटर उघडून बसली होती. प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जोरात पळवायचा तर त्याला जरा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून मदरबोर्डवरच्या जम्परच्या, दोन पिना जोडणाऱ्या इवल्याशा टोप्या ती पुस्तिकेत बघून बदलत होती. २.८ व्होल्टचे २.९ करायचे होते, बस. तक्त्यात काही जम्परपुढे ‘ओपन’ होतं, काहींपुढे ‘क्लोज’. क्लोजवाल्या टोप्या तिने भराभर काढल्या, ओपनवाल्यांवर चढवल्या आणि स्विचकडे हात नेला.

“थांब!” मागून तक्ता वाचणाऱ्या आप्पांनी प्लगच उपटला. “सगळं उलटं केलंस!”

“आप्पा, जबरन घाबरवता तुम्ही! क्लोज म्हणजे बंदच ना?”

“अगं, सर्किट क्लोज म्हणजे टोकं जुळली, करंट चालू! तू लावलंयस त्याने किती व्होल्ट होतात, बघ.”

तिचं बोट तक्त्यावरून सरकत एका ओळीवर थबकलं. साडेतीन. प्रोसेसर जळालाच असता.

तिने एकेक टोपी बदलली. आप्पांनी प्लग लावला. तिने स्विच दाबला. स्क्रीन उजळला.

“क्लोज म्हणजे चालू,” ती पुटपुटली. “लक्षात ठेवते.”

“सर्किटपुरतंच ठेव,” आप्पा म्हणाले. “मिलच्या गेटवरही हाच शब्द चिकटवला होता. मी सहा वर्षं टोकं जुळायची वाट बघतोय.”