खताच्या हौदाची चावी

बसा भाऊ, बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा मागचा पाय मोडका हाय. ह्या स्टुलावर बसा. अनुया मॅडम खाली यायला अर्धा तास तरी लागंल, वर त्यांची कसली ऑनलाइन मिटिंग चाललीय. आपटा गावावरनं आलात ना? आमचं खत बघायला? मंग खत बघायच्या आदी त्या खताची गोष्ट ऐका. मॅडम पण सांगतील, फोटो दाखवून सांगतील, मोबाइलमध्ये सगळं हाय त्यांच्या. पण त्या गोष्टीत मी नाय. माझी गोष्ट मलाच सांगायला पायजे.

मी दयाराम. उरणकडचा कोळी. बाप दर्यावर, मी दर्यावर. मंग खाडीत मासा गावंना, होडी इकली, आणि करंजाड्याची ही बिल्डिंग नवी व्हती तेव्हा इथं माळी म्हणून लागलो. अकरा वर्सं झाली. पयल्या दिवशी मला तगर कुठली नि अनंत कुठला ते पण कळत नव्हतं. पण हा गेटजवळचा नारळ बघा. मी लावला. आमची आई करायची तसं केलं, खड्ड्यात माशांची डोकी, आतडी पुरली आणि वर रोप ठेवलं. आज दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत डोकावतोय.

तेव्हापासनं झाडाचं काय पण असलं की लोक मलाच इचारायचे. दयारामभाऊ, कढीपत्ता का वाळला? दयारामभाऊ, मोगऱ्याला कळ्या का नाय? हसू नका भाऊ, पण माणूस भाकरीवर जेवढा जगतो ना, तेवढाच ह्याच्यावर पण जगतो. कोणीतरी इचारलं पायजे.

गेल्या साली अनुया मॅडमनी डोक्यात घेतलं. ह्या सेक्टरच्या पाच बिल्डिंगा एकत्र येणार, ओला कचरा गेटच्या बाहेर जाणार नाय. बाया घरोघरी दोन-दोन बादल्या घेऊन फिरल्या. पुरुष हसले, मंग बायकांनी डोळे वटारले तसे गप झाले. मागच्या बाजूला विटांचे चार हौद बांधले, भिंतीला भोकं ठेवलेली, वर पत्रा, आणि कुत्री शिरतात म्हणून जाळीचं दार. दाराला कुलूप. चावी कोणाकडं? माझ्याकडं! कमरेच्या करगोट्याला बांधली मी. चालताना खणखण वाजायची.

पंधरा दिसांत असा वास सुटला की बी विंगवाले भर उकाड्यात खिडक्या लावून बसले. अळ्या भिंतीवर चढल्या. सेक्रेटरी सत्यजीत साहेब नाकाला रुमाल लावून आले, बोलले, "दयाराम, हे खत आहे की सूप?"

मी बोललो, "साहेब, वेळ लागतो."

तेव्हा नाक्यावर एक बाई भाजी घेऊन बसायची. ठमाबाई. तुमच्याच आपट्याची. सडका पाला टाकायला आत आली, हौदाकडं एकदा बघितलं आणि मॅडमसमोर बोलली, "वल्ल्यावर वल्लं घालताय तुमी. सुका पाला कुठं हाय?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. सुका पाला मी रोज सकाळी झाडून मागं जाळायचो, भाऊ. अकरा वर्सं जाळत व्हतो. कोण काय बोललं नव्हतं.

"पाला जाळतो?" ती बाई बोलली. "मंग भाकरी जाळ आणि चूल खा."

सगळे हसले. मॅडम पण हसल्या.

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर वलं पोतं घेऊन आली. तिच्या गोठ्यामागच्या उकिरड्यातली गांडुळं. "ही माझी पोरं हायत," बोलली, "त्यांना ऊन नको, धक्का नको." एक थर कचरा, एक थर पाला, वर ताकाचं पाणी शिंपडायचं. तीन आठवड्यांत वास गेला. दोन महिन्यांत असं खत निघालं, काळं, भुरभुरीत, चहाच्या भुकटीसारखं. मुठीत घेतलं तर पावसाळी रानाचा वास. खोटं कशाला बोलू, मी पण लपून वास घेतला.

मंग एक दिवस मॅडम बोलल्या, "दयाराम, ती चावी ठमाताईंकडे द्या ना. त्या लवकर येतात, त्यांना थांबावं लागतं."

करगोट्याची गाठ सुटंना. घामानं आवळली व्हती. ठमाबाई समोर हात पुढं करून उभी. शेवटी मॅडमनी कात्री आणली.

तेव्हापासनं माझ्या पोटात जे जळायला लागलं ते इझलंच नाय. ती झाली ठमाताई, मी राहिलो दयाराम. तिला चहा काचेच्या कपात, मला कागदाच्या. ती खुर्चीवर, मी उभा. इतर चार बिल्डिंगांतल्या बाया तिला बोलवायला यायच्या, "ताई, आमचा हौद बघा ना." माझा कढीपत्ता, माझा मोगरा, ते पण लोक तिलाच इचारायला लागले. आणि ती काय करायची, ठाव हाय? बोलायची, "झाडाचं दयारामभाऊंना इचारा, मला नाय कळत." असं बोलली की मला आणखीनच राग यायचा. जे माझंच हाय ते ही कोण मला वाढणार?

घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती सुकी मासळी निवडता निवडता बोलली, "ती बाई हातानं काम करते, तुमी तोंडानं. म्हणून जळताय."

आता बघा. जुलैच्या शेवटच्या रविवारी पाचही बिल्डिंगांचा कार्यक्रम ठरला. माणसं येऊन हौद बघणार, खत हातात घेणार, आणि ठमाबाईला शाल. मी ठरवलं, त्या दिवशी एका हौदाचं खत तरी असं निघालं पायजे की सगळे इचारतील, हे कोणी केलं? आणि मी पुढं येऊन सांगीन, मी केलं. कोळ्याचं खत हाय हे. माझ्या आईचं.

चार नंबरचा हौद नवाच भरलेला. त्यात मासा घालायचा. पण जून-जुलै दर्या बंद, बोटी किनाऱ्याला. ताजी आतडी कुठनं आणू? घरी बायकोचं खाऱ्याचं पिंप व्हतं, मीठ लावून ठेवलेला मासा. वरची मासळी संपलेली, खाली डोकी, तुकडे, आणि ते पाणी. मी बोललो, मासा तो मासा. खारा काय नि ताजा काय. दर्याचा मासा तर जन्माचा खाऱ्या पाण्यातला, त्याला मिठानं काय व्हतं?

माशाला काय व्हत नाय, भाऊ. पण मी गांडुळाचा इचारच केला नाय.

आमच्या इथं अर्धी बिल्डिंग मासा खात नाय. कळलं असतं तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती. म्हणून बुधवारी दुपारी, सगळी बिल्डिंग जेवून पंख्याखाली पडलेली, ठमाबाई आपट्याची गाडी पकडायला गेलेली, तेव्हा गेलो. चावी ती ऑफिसच्या खिळ्याला लावून जायची. चार नंबर खणला, डोकी-तुकडे खोल पुरले, वरनं पिंपातलं सगळं पाणी वतलं, दोन बादल्या, आणि पाल्याचा जाड थर दिला. हात धुतले. चावी खिळ्याला लावली. त्या दिवशी मला लय गाढ झोप लागली.

शुक्रवारी सकाळी ठमाबाईची हाक आली. ओरडली नाय ती, नुसतं बोलली, "अगं माय."

मी धावत गेलो. गांडुळं, भाऊ, हौदाच्या भोकांतनं बाहेर आलेली. भिंतीवर, फरशीवर, सगळीकडं. काही वळवळत व्हती, बाकीची दोरीसारखी पडलेली. ती खाली बसली आणि हातानं गोळा करायला लागली, वल्ल्या पदरात. मॅडम आल्या, सत्यजीत साहेब आले, दुसऱ्या बिल्डिंगच्या दोन बाया आल्या.

"कोणीतरी फिनाईल टाकलं असणार," मॅडम बोलल्या.

ठमाबाईनं चिमूटभर माती उचलली. नाकाला लावली. मंग जिभेला लावली. आणि वर बघितलं. दुसऱ्या कोणाकडं नाय, सरळ माझ्याकडं. तुमी कधी जाळ्यात सापडलेल्या माशाच्या डोळ्यात बघितलंय? तसा मी उभा. माझ्या बनियनला त्या पिंपाचा वास तेव्हा पण असणार.

मी म्हटलं, झालं. आता ही बोलणार, आणि दयाराम गेटच्या बाहेर.

ती उठली, पदर शेजारच्या हौदात झाडला आणि बोलली, "माझी चूक झाली. मंगळवारी वरच्या मजल्यावरच्या पूजेचं उरलेलं ताक मी ह्यात वतलं. मसाल्याचं व्हतं, मीठ असंल. बघितलं नाय मी."

"अहो ताई, एवढी बेसिक गोष्ट!" सत्यजीत साहेब बोलले. "रविवारी लोक येतायत. आम्ही त्यांना काय दाखवायचं, ही मेलेली गांडुळं?"

मॅडम काय तरी बोलणार व्हत्या, पण ठमाबाईनं चावी काढून त्यांच्या हातात ठेवली. "बाकीचे तीन हौद चांगले हायत. ह्यातला माल बाहेर काढा, हौद पाण्यानं धुऊन काढा, मंग नवीन भरा. मी आता येत नाय." टोपली उचलली आणि चालायला लागली.

मी गेटवर तिला गाठलं. बोललो, "ठमाबाई, तुमी ते ताक..."

"तसलं मिठाचं ताक मी तुळशीच्या कुंडीत पण कधी वतलं नाय," ती बोलली. "तुमच्या घरचं खारं चांगलं हाय. जास्ती मुरलंय थोडं."

"मंग सांगितलं का नाय?"

"तुमची नोकरी हाय, दयारामभाऊ. माझी टोपली. टोपली कुठं पण बसते." आणि गेली.

बघा आता. त्या वक्ताला मला काय वाटायला पायजे? लाज. वाटली, नाय असं नाय. पण त्याच्या आदी काय वाटलं, सांगू? वाटलं, इथं पण ही बाई माझ्यापुढं गेली! खत पण तिचं चांगलं, आणि मन पण तिचंच मोठं. माणसानं दुसऱ्याला काय शिल्लक ठेवावं की नाय?

रविवारी तीन हौद दाखवले. शाल कोणालाच दिली नाय. चावी परत माझ्याकडं आली. ही बघा, करगोट्यालाच हाय. पण वाजत नाय आता. मी फडक्यात गुंडाळून ठेवलीय, वाजली की दचकायला व्हायचं.

त्या दिवशी मरायच्या वाटेवर असलेली मूठभर गांडुळं मी उचलली व्हती. साध्या पाण्यात धुतली, माठाच्या फुटक्या बुडात शेण घालून त्यात सोडली. बायको बोलली, "आता ह्यांना पण खारवणार काय?" मी रोज बघायचो. सात जगली. नारळी पुनव झाली, गणपती झाले, दिवाळी झाली. ताक शिंपडतोय, सुका पाला घालतोय, सगळं तिनं सांगितलं तसं. तिचं नाव न घेता. आता सातांची एवढी झालीत की मोजता येत नाय. चार नंबर पण भरलाय, त्यातलं खत निघालंय. बघाल तुमी.

लोक परत इचारायला लागले. दयारामभाऊ, काय खत हाय! पयल्यांदा कोणी बोललं तेव्हा तोंडाला चव आली नाय. दुसऱ्यांदा पण नाय. पंधरा दिसांमागं दुसऱ्या बिल्डिंगच्या एक बाई बोलल्या, "बरं झालं तुम्ही सांभाळलंत, त्या भाजीवालीने सगळं नासवलं होतं." तेव्हा मी पाइप तिथंच टाकला आणि वर मॅडमच्या दारात जाऊन उभा राहिलो. सगळं सांगितलं. पिंप, पाणी, डोकी. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मंग बोलल्या, "दयाराम, मी सत्यजीतना सांगणार आहे. पाचही सोसायट्यांच्या ग्रुपवर पण टाकणार आहे. नोकरीचं मी एकटी नाही ठरवू शकत. पण चावी ठमाताईंची आहे. आधी त्यांना आणा."

त्याच रात्री त्यांनी ग्रुपवर टाकलं, नोकरीचं अजून ठरायचंय. आता मला आपट्याला जाऊन यायला काय व्हतं, नाय का? तीनदा पनवेलच्या स्टँडवर गेलो, भाऊ. तीनदा वडापाव खाऊन परत आलो. तिच्या दारात उभं राहून बोलू काय?

ह्या बघा, मॅडम लिफ्टमधनं आल्याच. तर माझं एक काम करा. ही गोणपाटाची पिशवी न्या, तिची पोरं हायत ह्यात, उन्हात ठेवू नका. ही चावी पण घ्या, थांबा, गाठ सोडतो... घ्या. ठमाबाईला सांगा, मीठ कोणी घातलं ते इथं सगळ्यांना कळलंय, आणि दयाराम बोलला, येऊन कुलूप उघडा. आणि भाऊ, तिथं तिच्या गोठ्यामागं उकिरडा हाय, त्यातलं खत जरा मुठीत घेऊन बघा. आमच्या चार नंबरपेक्षा काळं हाय काय, तेवढं मला एकट्याला फोन करून सांगा.